साजातलं कारलं

आज आत्याचा जुना कोल्हापुरी साज, म्हणजे गळ्यातला सोन्याचा हार, गाठून घ्यायला कोल्हापूरला गुजरीत, तिथल्या सराफ बाजारात गेलेलो, दागिने गाठणाऱ्या पटवेकरी काकांनी दोरा सोडून पानं, म्हणजे साजातली वेगवेगळ्या आकारांची छोटी पदकं, मोकळी केली तेव्हा पहिल्यांदाच एकेक पान हातात घेऊन नीट बघितलं. कारल्यावर खरंच कारल्यासारखे खडबडीत उंचवटे, माशाला खवले, शिवाय कमळ, भुंगा, कासव, चंद्र... काय नजर असेल हो त्या कारागिरांची! सोन्याचा पातळ पत्रा ठशात दाबायचा नि आत लाख भरायची, म्हणून दिसायला भरीव पण वजनाला हलकं. बोरमाळेचे टपोरे मणीही तसेच. हल्लीच्या ‘नेचर इन्स्पायर्ड’ कलेक्शनमधल्या गुळगुळीत पानांपेक्षा मला हे कारलंच आवडतं, परसातल्या वेलीकडे बघून केल्यासारखं वाटतं. आत्याला सांगितलंय, हा साज मोडायचा नाही म्हणजे नाही.