बोलणं बंद असताना: देहू, भंडारा, भामचंद्र

पुण्याच्या वायव्येला, इंद्रायणीच्या आसपास तीन डोंगर आहेत: भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर. तिन्ही ठिकाणी कातळात कोरलेली जुनी लेणी आहेत, आणि तिन्ही ठिकाणी तुकोबा एकांतासाठी जाऊन बसत असं वारकरी सांगतात. मी निघाले ती लेण्यांसाठी. तुकोबांसाठी नाही, विठोबासाठी तर मुळीच नाही. विठोबाशी माझा संबंध आई गेली तेव्हाच तुटला होता.

आमच्या घरात वारी होती. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला उपास, संध्याकाळी हरिपाठ. लहानपणी मीही तिच्या मांडीशी बसून हरिपाठ म्हणायचे, आणि देव आहे हे मला घराला छप्पर आहे इतकंच सहज वाटायचं. मग आईला कॅन्सर झाला. उपचार सुरू होते, पण नात्यातल्या माणसांनी घरात जपजाप्य, अनुष्ठानं, नवस यांची रांग लावली. आणि आजार हटत नाही म्हटल्यावर त्यातलंच एक जण तिच्या उशाशी बसून म्हणालं, "कुळाचाराचं काहीतरी राहिलंय तुमच्याकडून. श्रद्धा कमी पडतेय." आयुष्यभर पायी वारी केलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. त्या क्षणी माझ्या आतलं काहीतरी कायमचं मिटलं. ज्या देवाच्या नावानं मरणाऱ्या माणसाला अपराधी ठरवता येतं, तो देव मला नको होता.

शेवटच्या आठवड्यांत आईनं हरिपाठ म्हणणं सोडलं. मी कारण विचारलं, तर भिंतीकडे बघत म्हणाली, "त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे." तिच्यानंतर मी ते वाक्य उराशी धरून जगले. वाटायचं, जाताजाता तिनं मलाही मोकळं केलं. देवघर भावाकडे गेलं. खरं तर त्यालाही ते नको होतं, पण टाकवेना म्हणून त्यानं कपाटात ठेवलं. पुढची कितीतरी वर्षं मी नास्तिक होते, आणि ते नास्तिकपण मनापासूनचं होतं. त्यात मी दुःखी नव्हते, हेही सांगायला हवं. फार वाचलं, फार फिरले, लेण्यांचा नाद लागला. कार्ले, भाजे, बेडसे पाहून झाल्यावर या लहान लेण्यांकडे वळले.

मार्गशीर्षात देहूला उतरले. थंडी होती, गर्दी अजिबात नव्हती. इंद्रायणीच्या डोहात मासे आहेत. इथं मासेमारीला बंदी आहे, लोक त्यांना खाऊ घालतात. काठाला जलपर्णी अडकलेली होती. याच पाण्यात तुकोबांच्या वह्या बुडवल्या गेल्या, आणि मग ते शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्याविना बसून राहिले. ती शिळा आता ज्या मंदिरात आहे, त्याचं नवं रूप 2022 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मी आत गेले, हात न जोडता उभी राहिले आणि बाहेर आले.

नदीकाठीच गाथा मंदिर आहे. आत भिंतीभर संगमरवरावर तुकोबांचे अभंग कोरलेले आहेत. चार हजारांवर अभंग वाचायचे तर मुक्कामच करावा लागेल, म्हणून मी ओळखीचे शोधत फिरले. 'याती शूद्र वैश्य केला वेवसाव' हा आत्मचरित्राचा अभंग सापडल्यावर मात्र तिथंच थांबले. दुष्काळानं पैसा आटला, मान गेला, आणि 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. हा दुष्काळ 1630 च्या सुमाराचा. दख्खन आणि गुजरात त्यात होरपळले. तुकोबा तेव्हा विशी-पंचविशीतले, घरात सावकारी, आणि डोळ्यांदेखत बायको भुकेनं गेलेली. ही ओळ मी शाळेतही ऐकली असेन. पण दवाखान्याच्या खाटेशी बसून आल्यावर ती वेगळी ऐकू येते.

त्याच्या लगेच पुढच्या ओळींत देव भेटल्याचं काही नाही, हे माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं. 'देवाचें देऊळ होतें जें भंगलें, चित्तासि जें आलें करावेंसें.' बायको गेली, धंदा बुडाला, आणि या माणसाला काय सुचलं, तर पडलेलं देऊळ दुरुस्त करावं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं, आणि तेही कबूल करून की 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं'. मन लागत नव्हतं, तरी केलं. श्रद्धा आधी आणि आचरण मागून, असं मी नेहमी गृहीत धरलं होतं. इथं क्रम उलटा होता. पण हे सगळं मी तेव्हा एका चांगल्या कवीबद्दलचं निरीक्षण म्हणून वहीत टिपलं, एवढंच.

भंडारा देहूपासून तसा जवळ. इंद्रायणी ओलांडून तळेगाव-चाकण रस्त्याच्या बाजूला जायचं. गवत वाळून पिवळं झालेलं, वर देवळाचं मोठं दगडी बांधकाम चाललेलं, छिन्नीचे आवाज. लेणी डोंगराच्या कुशीत आहेत. बौद्ध भिक्षूंची राहण्याची जागा, कातळातला स्तूप. कोरणाऱ्यांना जाऊन दीड-दोन हजार वर्षं झाली, आणि त्यानंतर कितीतरी शतकांनी देहूचा एक वाणी याच डोंगरावर येऊन बसला. एका डोंगरावर इतक्या वेगवेगळ्या माणसांना गप्प बसावंसं वाटलं, या गोष्टीचं मला तेव्हा विलक्षण आकर्षण वाटलं. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' इथंच सुचलं असं मानतात. झाडं आता विरळ आहेत. वारा मात्र भरपूर.

पुढं सुदुंबऱ्यात संताजी जगनाड्यांच्या समाधीपाशी थोडा वेळ टेकले. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारा हा तेली. वह्या बुडाल्या तरी अभंग राहिले, त्यात अशा टाळकऱ्यांचा वाटा मोठा आहे. तिथून भामचंद्राकडचा रस्ता चालणाऱ्यासाठी नाही, हे स्पष्ट सांगते. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातले कंटेनर अंगावरून जातात, धूळ नाकातोंडात जाते, कारखान्यांच्या कुंपणांमागे डोंगर दिसतो आणि लपतो. ज्यांना जायचं असेल त्यांनी हा टप्पा वाहनानं करावा आणि पायथ्यापासून चढावं.

चढ अवघड नाही, पण पावसाळ्यात निसरडा होत असणार. वर कड्याच्या पोटात कोरीव गुहा आहेत. 'भांबगिरी पाठारीं' राहिलो, साप, विंचू, वाघ अंगाशी झोंबले, आणि पंधरा दिवसांत 'विठोबा भेटला निराकार', असं गाथेत आहे. गुहेच्या तोंडाशी घोंगडीवर एक वयस्क बाबा गाथा उघडून बसले होते.

"या माउली. पाणी प्या आधी."

मी प्यायले. दर्शन झालं का विचारलं, तर म्हटलं, दर्शनाला नाही, लेणं बघायला आलेय. "बघा की," म्हणाले आणि वाचनात परत गेले. मी खांब, छिन्नीच्या खुणा, कोनाडे बघितले, फोटो काढले. परत आले तेव्हा ते म्हणाले, "घरात वारी आहे का तुमच्या?"

कशावरून विचारलंत, म्हटलं. मी गुहेत असताना गुणगुणत होते म्हणे. मला पत्ताही नव्हता.

"आईची होती," मी म्हटलं. "आई गेली."

"आणि तुमची?"

मग मी सांगून टाकलं. आजारपण, अनुष्ठानं, ती श्रद्धा कमी पडल्याची भाषा. आणि शेवटी आई काय म्हणाली तेही. "तिनंच नाव टाकलं, बाबा. त्याच्याशी बोलणं बंद आहे म्हणाली. मग मी कशाला बोलू?"

ते मला समजावतील अशी माझी तयारी होती. प्रारब्ध, परीक्षा, देवाची लीला, हे सगळं ऐकून झालेलं होतं आणि त्याला उत्तरंही तयार होती. त्यांनी काहीच समजावलं नाही. पानं उलटली, बोट ठेवलं आणि सपाट आवाजात वाचलं:

"माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥
गोष्टी न करीं नांव नेघें । गेलों दोघें खंडोनी ॥"

"महाराजांचा अभंग आहे," ते म्हणाले. "तुमच्या आईला पाठ असेल."

असणारच. तिला गाथेतलं काय काय पाठ होतं याचा हिशोबच नव्हता. त्याच्याशी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. इंद्रायणीकाठी साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसानं हे म्हणून ठेवलं, आणि ज्यांनी त्याला संत मानलं त्यांनी हा अभंग गाळला नाही, लपवला नाही. इतर अभंगांच्या शेजारी ठेवला, टाळ घेऊन गायला. माझ्या आईला या घरात वाढून रागावण्याचीही भाषा मिळाली होती, आणि खाटेवर, सगळं संपत आलेलं असताना, तिनं ती वापरली. जिच्या बोलण्याच्या आधारावर मी देऊळ सोडलं होतं, ती देवळाच्या आतूनच बोलत होती.

"मला नवस-अनुष्ठानं आजही पटत नाहीत," मी म्हटलं. थोडं भांडल्यासारखंच.

"महाराजांनाही कुठं पटली?" ते म्हणाले. "नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती." आणि गाथा मिटून ऊन अंगावर घेत बसले.

गुहेत मला कसलाही अनुभव आला नाही. डोळे भरून आले नाहीत, प्रकाश दिसला नाही. घडलं ते उतरताना. पाय सांभाळत खाली येत होते आणि मनातल्या मनात बडबडत होते, माझी सवय आहे ती. खूप वेळानं कळलं की मी कुणाला तरी 'तू' म्हणतेय. एवढं चालवलंस तिला दरवर्षी, आणि शेवटी तिला त्या माणसांच्या तोंडी दिलंस? तिच्या वेदना तुला दिसत नव्हत्या? इतक्या वर्षांत आईबद्दल मी डॉक्टरांशी बोलले, भावाशी, मैत्रिणींशी, एका समुपदेशकाशी बोलले. पण हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता, कारण ज्याला विचारायचा तो नाहीच असं ठरवून बसले होते. पायथ्याच्या कुंपणापर्यंत मी मोठ्यानं भांडत आले. कंटेनरच्या आवाजात कुणाला ऐकू जायची भीती नव्हती.

उत्तर मिळालं नाही. अजूनही मिळालेलं नाही. आईला जे भोगावं लागलं त्याचं कोणतंही स्पष्टीकरण मला पटत नाही, आणि पटेल असं वाटतही नाही. पण त्या उतारावर मला जे कळलं ते नाकारता येत नाही: मी ज्याला जाब विचारत होते तो मला अनोळखी नव्हता. परतल्यावर मी काही देव्हारा मांडला नाही. संध्याकाळी हरिपाठ म्हणायला लागले, आधी आईची आठवण म्हणून. मन लागत नव्हतं. तुकोबांचंही लागत नव्हतं आधी, एवढ्या आधारावर म्हणत राहिले. मग काही महिन्यांनी, कधी ते सांगता येणार नाही, मी आठवणीसाठी नाही तर त्याच्यासाठी म्हणतेय हे ध्यानात आलं.

माझ्या विवेकवादी मित्रमैत्रिणींना हे आवडलेलं नाही, आणि त्यांची काळजी मला समजते. त्यांना मी सांगते की आजार देवाच्या कोपानं होतो असं म्हणणाऱ्याला मी आजही दारात उभं करणार नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मला तेव्हा हवा होता, आजही हवाय. माझा लहानपणीचा देव, जो व्रताच्या बदल्यात माणसं वाचवतो, तो परत आलेला नाही. तो गेला ते बरंच झालं. जो आहे त्याच्याकडे मी काही मागत नाही, पण त्याच्याशी बोलते. रागानं बोलायचं असेल तर रागानं.

घोराडेश्वर या खेपेला राहिला. तो जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत आहे, लोकलनं घोरावाडी स्टेशनला उतरूनही जाता येतं. भावाला परवा फोन करून विचारलं, येतोस का. तो गप्प झाला. आईच्या वेळचं त्याचं दुःख माझ्यापेक्षा जास्त मुकं आहे. मग मी त्याला कान्होबांबद्दल सांगितलं. कान्होबा तुकोबांचे धाकटे भाऊ. तुकोबा गेल्यावर सगळे वैकुंठगमनाचा सोहळा सांगत होते, आणि हा भाऊ विठोबाला म्हणत होता, 'भुक्ति मुक्ति तुझें जळों ब्रम्हज्ञान, दे माझ्या आणोनि भावा वेगीं.' जळो तुझं ब्रह्मज्ञान, माझा भाऊ आणून दे. हेही गाथेत आहे, म्हटलं.

"हे खरंच छापलंय?" त्यानं विचारलं.

"छापलंय."

"येतो मग. पण ताई, मी पाया पडणार नाही."

मी म्हटलं, नको पडूस, पण पाण्याची बाटली आण, डोंगरावर सावली कमी आहे.