तुम्ही विचारलंत म्हणून : सॉस उरत नाही, मग पुरावा कसला?

उत्खननात निघालेली माशांची हाडं ओळखणं हे माझं काम. रोमन लोक माशांचा सॉस चवीनं खायचे, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला : एवढ्या वर्षांत सॉस तर कधीच नाहीसा झाला, मग तो लंडनमध्ये बनला की स्पेनहून आला, हे छातीठोकपणे कसं सांगता?

छातीठोकपणे नाही सांगत. पण सांगते.

आधी सॉस कसा बनायचा ते बघा. 'जिओपोनिका' या बायझंटाईन काळातल्या शेतीविषयक संकलनात कृती दिली आहे. बारीक मासे, आठाला एक या मापानं मीठ, रात्रभर मुरवायचं, मग मातीच्या भांड्यात घालून दोन-तीन महिने उन्हात, अधूनमधून काठीनं ढवळत. माशांच्या आतड्यांतले पाचक रस मांस विरघळवतात आणि मीठ त्याला सडू देत नाही. वरचा निथळ तो लिक्वामेन, खाली उरलेला गाळ तो आलेक. मांस विरघळतं, काटे विरघळत नाहीत, ते गाळात बसतात. गाळही फेकून देत नसत, विकला जायचा. आमच्यासारख्यांची रोजीरोटी त्या गाळावरच चालते.

खापरांवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. लंडनच्या सदर्कमध्ये सापडलेल्या एका अँफोऱ्यावर, म्हणजे माल न्यायच्या मातीच्या उंच रांजणावर, शाईनं लिहिलंय की आत लुकियस टेटियस आफ्रिकानसचा, अँतिबचा उत्कृष्ट लिक्वामेन आहे. अँतिब म्हणजे फ्रान्सचा दक्षिण किनारा. आपल्याकडे पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूलाही असा सॉस आणणाऱ्या अँफोऱ्यांची खापरं निघाली. पण हे सगळं आयातीचं बोलणं झालं. स्थानिक माल लाकडी पिंपात भरला असेल तर लाकूड कुजून जातं. रिकाम्या अँफोऱ्यात दुसरंच काही भरलं असेल तर खापर सरळ खोटं बोलतं.

हाडं त्या मानानं प्रामाणिक. लंडनला लोअर टेम्स स्ट्रीटवर, जुन्या रोमन धक्क्याच्या भागात, पेनिन्सुलर हाऊसच्या जागेवर तिसऱ्या शतकातला एक थर मिळाला. हेरिंग आणि स्प्रॅट, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातले मासे, आणि तेही पिल्लं. त्यांच्या हाडांनी तो थर भरलेला होता. एवढ्या लहान माशाचा मणका साबुदाण्याच्या दाण्याहून बारीक असतो : दोन्ही टोकांना खोलगट, मध्ये आवळलेला. माती बारीक जाळीवर पाण्यानं चाळली तरच तो हाती लागतो. जाड चाळणी वापरली, किंवा चाळलंच नाही, तर असा अख्खा थर ढिगाऱ्यात जातो आणि अहवालात 'मासे नाहीत' असं छापून येतं. जुन्या उत्खननांचे अहवाल मी म्हणूनच जरा जपून वाचते.

मुख्य मुद्दा हेरिंगचा. हेरिंग भूमध्य समुद्रात नसतो. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या सॉसमध्ये बांगडा, अँकोव्ही, सार्डिन. रोमन लेखक प्लिनी ज्या महागड्या गारुमची, म्हणजे अशाच माशांच्या सॉसची, किंमत सांगतो, सुमारे साडेसहा लिटरला 1000 सेस्टर्स (रोमन नाणी), तेही बांगड्याचंच. टेम्सच्या मुखाशी मात्र हेरिंग-स्प्रॅटची पिल्लं थव्यानं येतात. म्हणजे लंडनचा मासा तिथलाच. पण सॉससाठीच आणला होता, की धक्क्यावर सांडून कुजलेली ताजी मासळी होती? ही शंका काढणाऱ्याला मी गप्प करू शकत नाही.

म्हणून मला बेल्जियमचा पुरावा जास्त पटतो. टिनेन समुद्रापासून चांगलंच आत आहे, तरी तिथे उत्तर समुद्रातल्या बोटभर माशांचे काटे सापडतात. असले चिल्लर मासे ताजे म्हणून एवढ्या लांब कोण नेईल? वाटेतच वास मारतील. ते मिठात मुरूनच गेले असणार. खाल्ली जाऊन शौचकूपातून आलेली हाडं वेगळी ओळखू येतात : चावून चपटी झालेली, पोटातल्या आम्लानं झिजलेली.

त्यातच 1970 साली नेदरलँड्समध्ये कोलाइन्सप्लाटजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात रोमन काळातल्या नेहालेनिया देवीच्या वेदीचे दगड आले. पुढे तिथून अशा कितीतरी वेद्या निघाल्या. माल सुखरूप पोचला म्हणून व्यापाऱ्यांनी नवस फेडलेला. त्यात मिठाचे व्यापारी आहेत आणि आलेकचेही. एकाचं नाव गायुस काटुलिनियुस सेक्को, आजच्या जर्मनीतल्या ट्रिअरचा नागरिक. त्याचा आलेक कुठल्या माशाचा, हे दगडावर लिहिलेलं नाही. पण शेजारच्या किनाऱ्यावर मिठाचा धंदा जोरात होता आणि आतल्या गावांत उत्तर समुद्राचे काटे आहेत. त्यानं तो सगळाच भूमध्य समुद्राकडून मागवला असेल, असं मला वाटत नाही.

"पण तिकडे ऊन कुठलं?" हेही विचारतात. उन्हाशिवायची कृतीही 'जिओपोनिका'तच आहे : अंडं तरंगेल इतक्या खारट पाण्यात मासे आणि ओरेगानो घालून उकळायचं, मग गाळून घ्यायचं. त्या किनाऱ्यावर मीठच मुळी समुद्राचं पाणी आटवून काढत. चूल पेटलेलीच होती.