तुम्ही विचारलंत म्हणून: केतुरा धार्मिक आहे की नाही?

मुलगी केतुराला शिकायला गेली तेव्हापासून अलिबागचे नातेवाईक आणि इथले, इस्रायलमधल्या बीर-शेवा शहरातले शेजारी एकच विचारतात, "ते गाव धार्मिक आहे की नाही?" "आहे आणि नाही" म्हटलं की समोरचा वैतागतो.

केतुरा हा इस्रायलच्या दक्षिण टोकाच्या एलात शहराच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर, अरावाच्या वाळवंटातला किबुत्झ, म्हणजे सगळ्यांनी मिळून चालवलेलं गाव. १९७३ मध्ये अमेरिकेतून आलेल्या ज्यू तरुणांनी वसवलेला. त्यांनी ठरवलं ते असं: सगळ्यांचं जेवणघर कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारं; चार लोकांत शब्बाथ पाळायचा, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत काम बंद, फोनही बंद; आणि घराचं दार लावलं की ज्याचं त्याने बघावं. शुक्रवारी रात्री एकाच टेबलाशी किप्पावाला (धार्मिक ज्यूंची छोटी टोपी घातलेला) आणि त्याच्यासमोर बोडक्या डोक्याचा, दोघं वाद घालत जेवताना मी पाहिलेत. वाद पाण्याच्या पाइपावरून होता.

याला कुणी मधला मार्ग म्हणतं. मला ते पटत नाही. सर्वांत कडक पाळणारा जिथे जेवू शकतो तिथेच सगळं गाव एकत्र जेवू शकतं, इतका साधा हिशेब. कोकणात आमच्या पूर्वजांना, म्हणजे बेने इस्रायल या मराठी ज्यूंना, 'शनवार तेली' म्हणायचे, कारण शब्बाथ म्हणून शनिवारी तेलाचा घाणा बंद. पण तिथे आम्ही आमच्यापुरतं पाळत होतो. इथे अख्खं गाव बसून ठरवतं.

पर्यावरणाच्या कामातही तसंच, वेगवेगळी माणसं एकत्र. १९९६ पासून तिथल्या अरावा या पर्यावरण शिकवणाऱ्या संस्थेत इस्रायली, पॅलेस्टिनी, जॉर्डनचे विद्यार्थी एकत्र शिकतात. २०११ मध्ये गावाजवळ ४.९५ मेगावॅटचं सौर-शेत सुरू झालं. पण मला ओढ त्या खजुराची. मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बी केतुराच्याच शेतीतज्ज्ञ इलेन सोलोवे यांनी पेरली आणि २००५ मध्ये ती चक्क उगवली. नाव ठेवलं मथुशलह, बायबलमधल्या सर्वांत दीर्घायुषी माणसाचं. निघाला नर! म्हणजे फळाच्या नावाने शून्य. मग तशाच जुन्या दुसऱ्या बियांतून मादी झाडं उगवेपर्यंत थांबले, त्यातल्या हन्नाला मथुशलहचे पराग दिले, आणि २०२० मध्ये तिचे खजूर हाती आले. पंधरा वर्षं! आमच्याकडे आंब्याच्या कलमाला पाच वर्षांत फळ नाही आलं की लोक शिव्या घालतात.

परवा शब्बाथला मुलीच्या खोलीवर होते. जेवणघरातून आल्यावर ती आत गेली. फोन हातात घेतला की नाही, माहीत नाही. दार तिने लावून घेतलं होतं.