विरंगुळा केंद्राचं लाईट बिल कोण भरतं?

बाबा चार वर्षं आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे खजिनदार आहेत आणि त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही म्हणून हिशोबाची वही मीच लिहिते, त्यामुळं इतके दिवस जे नुसतं जेवताना कानावर पडायचं ते आता आकड्यात दिसायला लागलंय.

विरंगुळा केंद्र महापालिकेचं आहे. बागेच्या कोपऱ्यात एक हॉल, बाहेर कट्टा. बांधलं नगरसेवकाच्या विकासनिधीतून, दारावर तशी पाटी पण आहे. पण उद्घाटन झाल्यापासून लाईट बिल, तीन पेपर, झाडणाऱ्या मावशींचा पगार, कॅरमची पावडर, सगळं संघाच्या वर्गणीतून चाललंय. बांधायला निधी मिळतो हो, चालवायला मिळत नाही. आणि मोठं काम निघालं की नगरसेवकाकडं जायचं तर राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर २०२२ पासून प्रशासक, निवडणुका झाल्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. त्या काळात छत गळायला लागलं, बाबांनी पाच अर्ज दिले, पाचही पोचपावत्या वहीत पिन करून ठेवल्यात. शेवटी ताडपत्री आम्हीच आणून टाकली.

वर्गणीचं पण अवघड झालंय. पूर्वी सगळ्यांना आजीव सभासद करून घेतलं, पैसे एफडीत टाकले, व्याजावर भागेल असा हिशोब होता. पण माणूस एकदाच पैसे भरतो आणि पुढं पंधरा-वीस वर्षं येत राहतो (येऊ देत, त्यासाठीच तर आहे), व्याज आहे तेवढंच आणि बिल मात्र दरवर्षी वाढतंय.

म्हणून मग सभासद नसलेल्यांना दारातच वर्गणी विचारायची सवय लागली. मागच्या महिन्यात भर दुपारी मागच्या वस्तीतल्या एक आजी आल्या, चपला हातात घेऊन उंबऱ्याशीच उभ्या, म्हणाल्या "हितं बसायला कार्ड लागतं का?" आत पंखा चालू, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. एका काकांनी सांगितलं आधी पावती फाडा. आजी काही न बोलता गेल्या. मी तिथंच वही घेऊन बसले होते आणि मला पण पटकन उठता आलं नाही, ते अजून मनातून जात नाहीये.

जागा पालिकेची आहे, म्हणजे त्या आजींची पण आहे. राज्याच्या धोरणात ६० पूर्ण झालेला माणूस ज्येष्ठ, तिथं पावतीची अट नाही. सभासदत्व मतदानासाठी, सहलीसाठी ठेवा ना, बसायला आणि बीपी तपासायला कशाला? आणि लाईट बिल नि साफसफाई पालिकेनं दरवर्षीच्या बजेटमधून द्यावी, म्हणजे दारात कुणाला अडवायची वेळच येणार नाही.

बाबांना आधी पटलं नाही, म्हणाले मग वर्गणी कोण भरेल. दोन दिवस गप्प होते. काल स्वतःच म्हणाले, ठराव लिही, सभेत मी मांडतो, आणि सहावा अर्ज पण लिही, यावेळी नव्या नगरसेविकेच्या नावानं.