वाघ्याचा पट्टा मी का सोडत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मंडळाच्या गणपतीत विचारलंत, मुलीच्या शाळेबाहेर विचारलंत. मागच्या डिसेंबरात उदगीरहून आलेल्या आण्णांनी तर रोज सकाळी विचारलं, "अगं, एवढं पळणारं कुत्रं, त्याला मोकळं का सोडत नाहीस? आपल्या कारवान्याला कधी साखळी होती का?"

नव्हती. आजोबांचं कारवानी कुत्रं दिवसभर शिवारात असायचं आणि दिवेलागणीला आपल्या पायांनी घरी यायचं. लांबट तोंड, खोल छाती, खपाटीला गेलेलं पोट. वाघ्याही तसाच दिसतो, म्हणून आण्णांना तो पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला. पण आजोबांचं कुत्रं त्याच मातीत वाढलं होतं. प्रत्येक बांध त्याच्या पायाखालचा होता आणि रस्त्यावरून दिवसाला चार गाड्या जायच्या. वाघ्या ग्रेहाउंड आहे, शर्यतीतून निवृत्त झालेला. चार वर्षांचा असताना तो आमच्याकडे मेलबर्नला, पॉइंट कुकला आला. कानात गोंदलेली अक्षरं होती, अंगावर वाघासारखे पट्टे. त्याआधीचं सगळं आयुष्य खुराड्यात आणि ट्रॅकवर गेलेलं. जिना काय असतो, काच काय असते, हे त्याला माहीतच नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी तो मागच्या अंगणाच्या काचेच्या दारावर जाऊन आदळला. त्या रात्री मी दिवाळीतले उरलेले रांगोळीचे स्टिकर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ओळीने लावले. ते अजून तिथेच आहेत.

आता पट्ट्याचं. ग्रेहाउंड शिकार नाकाने नाही, डोळ्यांनी शोधतो. लांबवर ससा, मांजर किंवा कुंपणावरून जाणारा पोसम (झाडांवर राहणारा इथला छोटा प्राणी) दिसला की काही ढांगांत त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर जातो, आणि त्यानंतर तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. तो हट्टी असतो म्हणून नाही, शेकडो वर्षं माणसाने त्याला याच कामासाठी वाढवलं म्हणून. समोर रस्ता आहे, गाडी आहे, तारेचं कुंपण आहे, हे कळायला जो क्षण लागतो तो त्या वेगात मिळत नाही. इथे व्हिक्टोरिया राज्यात तर कायदाच आहे. पाळीव ग्रेहाउंडला सार्वजनिक जागी मुसकं घालण्याची सक्ती १ जानेवारी २०१९ पासून गेली, पण पट्ट्याला दोरी मात्र लागतेच. इतर कुत्री मोकळी सोडायला ज्या बागा राखून ठेवल्यात, तिथेही.

मला हे कायद्याने नाही, वाघ्याने शिकवलं. दुसऱ्याच आठवड्यात.

आईने उदगीरच्या बाजारातून त्याच्यासाठी घुंगरांचा लाल पट्टा पाठवला होता. वाघ्यासोबत आलेला रुंद पट्टा काढून मी हौसेने हा घातला. सकाळी कचऱ्याची गाडी आली, डबा दाणकन आपटला. वाघ्या बिचकून दोन पावलं मागे सरला, मान खाली घातली, आणि पट्टा कानांवरून अलगद निघून आला. ग्रेहाउंडची मान डोक्याइतकीच रुंद असते, कधी जास्तच. साधा बकलाचा पट्टा त्याला अडवूच शकत नाही. माझ्या हातात घुंगरं वाजत होती आणि कुत्रा ओढ्याच्या वाटेने दिसेनासा झाला होता. मी पळाले, ओरडले, रडले. किलोमीटरभर पुढे एका घराच्या गॅरेजपाशी तो थरथरत उभा असलेला एका गृहस्थांना सापडला. मांडीवरची कातडी तारेने वीतभर फाटली होती, ओला कागद फाटावा तशी. चौदा टाके पडले.

तेव्हापासून तो लाल पट्टा देवघराशेजारच्या खुंटीवर असतो. गळ्यात मार्टिंगेल पट्टा. चार बोटं रुंद, दोन फासे एकात एक ओवलेले. कुत्रा मागे सरला की धाकटा फासा ओढला जातो आणि मोठा मानेवर बसतो. गळा आवळला जात नाही, पण डोकंही निघत नाही. तो कानांच्या लगेच मागे, मानेवर उंच बसला पाहिजे. सैल असताना खाली दोन बोटं जावीत, आणि ताणल्यावर कानांवरून पुढे येता कामा नये. रोज बाहेर पडण्यापूर्वी मी हे ओढून बघते. बिचकण्याची सवय असलेल्या कुत्र्याला छातीचा हार्नेसही घालावा आणि दोरी दोन्हींना अडकवावी. आणि एक कळकळीने सांगते, चक्रीतून सुटत जाणारी लांब दोरी ग्रेहाउंडला कधीच लावू नका. पाच मीटरांत तो एवढा वेग घेतो की दोरी संपते तेव्हा सगळा झटका मानेवर येतो.

कातडीचं आणखी थोडं. ती पातळ, तिच्याखाली चरबी जवळजवळ नाहीच, केस तोकडे. दुसऱ्या कुत्र्याच्या खेळातल्या दातानेही ती उसवते. म्हणून दोन-तीन ग्रेहाउंड एकत्र पळायला सोडताना आम्ही सगळ्यांना मुसकी घालतो. मळणीच्या बैलाला घालतात तसंच, फक्त प्लॅस्टिकच्या जाळीचं. त्यातून पाणी पिता येतं, तोंड उघडून धापा टाकता येतात. मुसकं दिसलं म्हणजे कुत्रा चावरा असं समजू नका. जखम झालीच तर स्वच्छ मिठाच्या पाण्याने धुवायची, ओलं जाळीदार कापड ठेवून वर सैल पट्टी बांधायची आणि दवाखाना गाठायचा. कातडी लोंबत असेल तर कापून टाकू नका. टाके घालायला तीच लागते.

तुमचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "बिचाऱ्याला खायला घालत नाही का?" घालतो, दोन वेळा, भरपूर. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ही ग्रेहाउंडची निरोगी बांधणी आहे. त्याला गुटगुटीत केलं तर त्या बारीक पायांवर भार येतो. एका वेळी पोटभर न देता दोनदा विभागून देते, आणि जेवणाआधी-नंतर तासभर तरी धावपळ नाही. खोल छातीच्या कुत्र्यांचं जठर फुगून पीळ बसण्याचा धोका असतो. पोट टम्म झालं, उमासे येतात पण उलटी पडत नाही, कुत्रा अस्वस्थ येरझारा घालतोय, तर सकाळची वाट बघायची नाही. असं कुत्रं काही तासांत दगावतं.

आणि प्रेमाने काही भरवू नका, हे हात जोडून सांगते. गेल्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. एका मावशींनी अगदी मायेने वाघ्याला प्रसादाच्या शिऱ्याचा मोठा मुटका दिला. त्यात बेदाणे होते. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात, आणि कितीने बाधेल याचा काही नेम नसतो. एका कुत्र्याला मूठभर पचतं, दुसऱ्याला चार नडतात. मी सोवळ्यातल्या साडीवरच गाडी काढली. दवाखान्यात त्याला इंजेक्शन देऊन उलटी करवली, दोन दिवस सलाइनवर ठेवलं, रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. वाचला. मावशी आजही त्या आठवणीने डोळे पुसतात. त्यांचा दोष नव्हता, मी आधी सांगायला हवं होतं. आता आमच्याकडे पूजा असली की वाघ्या आतल्या खोलीत, दाराला कडी, आणि दारावर मुलीने लिहिलेला कागद: कांदा-लसूण, बेदाणे, चॉकलेट, शिजवलेली हाडं, बिनसाखरेचं च्युइंगगम, काहीही नको. त्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्याची साखर धडाधड खाली आणतं. आपल्या टूथपेस्टमध्येही ते असू शकतं, म्हणून दात घासायला कुत्र्यांचीच पेस्ट आणायची. आणि दात घासायचेच. शर्यतीतून आलेल्या ग्रेहाउंडांचे दात बहुधा वाईट असतात, हिरड्या सुजलेल्या, तोंडाला वास. वाघ्याचे नऊ दात काढावे लागले.

त्या दात काढण्याच्या निमित्ताने मला जे कळलं, ते ग्रेहाउंड पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला फार वाटतं. या जातीचं रक्त आणि शरीर इतर कुत्र्यांसारखं वागत नाही. तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त, प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशी कमी, मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन थोडं वर, थायरॉइडचा आकडा खाली. हे सगळं ग्रेहाउंडसाठी नेहमीचं आहे. पण कागदावर दुसऱ्या कुत्र्यांच्या मापाने बघितलं तर आजार दिसतो. आम्हाला एका दवाखान्यात थायरॉइडच्या गोळ्या जन्मभर द्या म्हणून सांगितलं होतं. मांड्यांमागचे केस गेलेत हेही त्याचंच लक्षण म्हणे. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी ग्रेहाउंडचे आकडे समोर ठेवून दाखवलं की रिपोर्टमध्ये काही वावगं नाही, आणि मांडीचं टक्कल या जातीत उगाचंही पडतं. गोळ्या सुरू झाल्याच नाहीत.

भुलीचंही तसंच. काही भुलीची औषधं, विशेषतः थायोपेंटलसारखी जुनी बार्बिच्युरेट, ग्रेहाउंडच्या यकृतातून फार सावकाश निचरतात. त्यातून कुत्रा तासन्‌तास बाहेर येत नाही. आता बहुतेक ठिकाणी दुसरी औषधं वापरतात, तरी शस्त्रक्रियेआधी स्वतःच्या तोंडाने विचारा, "ग्रेहाउंडला भूल देण्याचा अनुभव आहे ना?" यात डॉक्टरांचा अपमान नाही. आणि शस्त्रक्रिया नीट झाली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात डॉ. गिलेर्मो कूटो यांच्या गटाने नसबंदी झालेल्या ८८ ग्रेहाउंडांवर नजर ठेवली, तेव्हा साधारण चारातल्या एकाला ३६ ते ४८ तासांनी रक्तस्राव सुरू झालेला दिसला. रक्त गोठतं, पण गाठ लवकर विरघळते. ती टिकवणारी औषधं आहेत, ती आधीच ठरवून ठेवता येतात. वाघ्याला दात काढल्यावर पाच दिवस ती दिली. पोटाखाली, मांडीत काळंनिळं दिसतंय का, हे मी त्या दिवसांत टॉर्च घेऊन बघत असे.

लंगडण्याकडेही दुर्लक्ष नको. बरेचदा ते कुरूप असतं. होय, आपल्या तळपायाला होतं तसंच, ग्रेहाउंडच्या पंजाच्या गादीला होतं. गवतावर नीट चालतो आणि डांबरावर पाय उचलतो, तर तेच बघा. ऑक्टोबर ते डिसेंबरात इथे रानगवत वाळतं, त्याची कुसळं बोटांच्या बेचक्यात शिरतात आणि आतून पुढे सरकत जातात. फिरून आल्यावर चारही पंजे चाचपायचे, कानही. पण मोठ्या वयाचा ग्रेहाउंड आठवडाभर एकच पाय धरत असेल तर एक्स-रे काढून घ्या. हाडाचा कर्करोग या जातीत जास्त दिसतो आणि तो सुरुवातीला नुसत्या लंगडण्यासारखाच असतो.

आण्णा आले तेव्हा उन्हाळा होता. पारा ४० च्या पुढे गेला की मी वाघ्याला सकाळी सहाला फिरवते आणि मग संध्याकाळी उशिरापर्यंत बाहेर काढतच नाही. फरशीवर हाताची पालथी बाजू ठेवायची, पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पायही भाजतात. जीभ लांब, लाळ घट्ट, चाल डुलती झाली तर अंगभर गार पाणी ओतत राहायचं आणि पंखा लावायचा, मग दवाखाना. ओला टॉवेल गुंडाळून ठेवला तर उष्णता आतच कोंडते. ओढ्याच्या काठी उंच गवतात उन्हाळ्यात टायगर स्नेक जातीचे विषारी साप असतात, म्हणून वाटेच्या मधोमध चालायचं. थंडीत उलटं. जूनमधल्या सकाळी त्याला कोट लागतो, आणि कोपरं-ढोपरं हाडकुळी म्हणून अंथरूण जाड. आईची दुहेरी घडीची सोलापुरी चादर त्याच्या गादीवर असते. तिच्यावर तो दिवसातले कितीतरी तास उघड्या डोळ्यांनी झोपतो. मुलांना मी नेहमी सांगते, डोळे उघडे दिसले तरी आधी हाक मारा, हात नंतर. खुराड्यात एकटा झोपलेला हा जीव, झोपेत अचानक स्पर्श झाला तर दचकून तोंड घालू शकतो.

त्याला पळवत नाही असं मात्र नाही. पूर्ण कुंपण असलेली मोकळी रानं इथे तासावर भाड्याने मिळतात. आण्णांना मी एका रविवारी तिथे नेलं. फाटकाला दोन कड्या, दोन्ही लावून घेतल्या, मग पट्टा सोडला. वाघ्याने जमिनीला टेकून तीन फेऱ्या मारल्या. पाय चारही हवेत, आवाज फक्त मातीचा. आण्णा टोपी काढून उभे राहिले, काही बोलले नाहीत. दोन मिनिटांत तो आपण होऊन परत आला आणि त्यांच्या पायाशी लवंडला, तेव्हा ते खाली बसले आणि त्याच्या मांडीवरच्या टाक्यांच्या वणावरून बोट फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना त्यांनी प्रश्न विचारला नाही. पट्टा माझ्या हातातून घेतला, वाघ्याच्या कानांमागे नीट बसवला आणि खाली दोन बोटं घालून बघितली. आता उदगीरहून फोन आला की आधी माझी खुशाली विचारतात, मग म्हणतात, "आणि त्याचा पट्टा? दोनच बोटं जातात ना?"