हरभट रोडवरच्या आज्जी

सांगलीला गेले होते आतेबहिणीच्या मुलाच्या मुंजीला. मुंज झाली, पंगती उठल्या, गणपतीचं दर्शन झालं. त्यावर लिहावं असं काही नाही. लिहायचंय ते हरभट रोडवरच्या एका बॅगांच्या दुकानाबद्दल.

दुकान ऐसपैस, एसी, दारावर 'सेल'. काउंटरमागे मात्र पाट्यांची रांग: फिक्स रेट, नो एक्सचेंज, नो रिफंड. गिऱ्हाईक आत पाऊल टाकायच्या आधीच त्याच्याशी वैर! मला असली दुकानं मुळीच आवडत नाहीत, पण बाहेर ऊन मी म्हणत होतं.

तेवढ्यात एक आज्जी आल्या. पिशवीतून नातवाचं दप्तर काढून काउंटरवर ठेवलं आणि चेन ओढली. रनर एका बाजूनं निसटून हातातच आला.

"परवा नेलंय. बदलून दे."

काउंटरवरच्या पोरानं बिलाच्या तळाची बारीक छपाई दाखवली. गुड्स वन्स सोल्ड, वगैरे. "आज्जी, एक्सचेंज न्हाई आमच्यात."

"आरं, पर माल खराब निघालाय की! रंग आवडला न्हाई म्हणून आलीया व्हय मी?"

आज्जींनी नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवस धरतात. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण माझ्या वकिलीची तिथं कुणाला गरज नव्हती.

"मालकाला बोलव. तवर मी हितंच बसते."

आज्जींनी स्टूल ओढलं, दप्तर मांडीवर घेतलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला चेन दाखवायला सुरुवात केली. दोन बायका दारातूनच मागं फिरल्या. मग आतून मालक लगबगीनं आले. "मावशी, चहा घेणार का? ए, दुसरं दप्तर काढ रे!"

आज्जींनी नव्या दप्तराच्या एकेका कप्प्याची चेन उघडून-मिटून पाहिली, बिल आठवणीनं परत मागून घेतलं, आणि चहा न घेताच निघाल्या. मीही बॅग न घेताच निघाले.

तिथून हळद घ्यायला गणपती पेठेत गेले. तिथं ना एसी, ना पाट्या, ना पाय ठेवायला जागा. टेम्पो, हातगाड्या, "बाजूला, बाजूला" ओरडणारे हमाल. गाडी घेऊन तिथं शिरणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण दुकानदारानं त्याचा उच्चारही केला नाही. एक हळकुंड उचलून कट्टकन मोडलं आणि आतला गर्द केशरी गाभा माझ्यापुढं धरला. "राजापुरी हाय ताई. अख्खी देऊ का दळलेली?"

मी जमेल तेवढी घासाघीस केली. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, बेदाण्याची मूठ हातावर ठेवली, माझं माहेर कुठलं तेही विचारलं. किलोमागे रुपया काही सोडला नाही.