कामठी ते ग्रोटो, लेकीच्या एका प्रश्नासोबत

पहाटे साडेचारला नागपूरजवळच्या कामठीतून सासूबाईंच्या घरून निघालो तेव्हा अंगावर शाल घ्यावी इतका गारवा होता. मार्चमध्ये आमच्या इकडे असंच, पहाटे थंडी आणि दहा वाजले की डोकं भाजून निघते, म्हणून लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, जे नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या ग्रोटोला, मरियामातेच्या गुहेला, पायी जातात ते अंधारातच निघतात. आम्ही ११ जण होतो. सासूबाई कितीतरी वर्षं हे चालल्या, यंदा गुडघे ऐकून नाही राहिले. त्यांनी आपली जपमाळ माझ्या लेकीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माझ्या नावानं म्हणत जा बेटा." मी स्वतः कॅथलिक नाही, आमचं घर सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, प्रोटेस्टंट, आमच्यात जपमाळ नसते. पण चालायला कोण नाही म्हणते?

शेजारचे काका दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जातात, त्यांना आदल्या दिवशी सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुमचीही वारीच की राजा, तळपायाला खोबरेल लावजो." लावलं.

मी यंदा चाललो त्याचं खरं कारण वेगळं होतं. लेक सातवीत आहे. जानेवारीत एका मैत्रिणीशी तिचं वाजलं आणि ती मैत्रीण बोलून गेली की तुमचा धर्म इंग्रजांनी आणला, तुम्ही इथले नाहीच. दोन दिवस लेक नीट जेवली नाही. मग मला विचारलं, "बाबा, आपण कधीपासून ख्रिश्चन आहोत आणि काऊन?" मी सोफ्यावर बसून उत्तर द्यायचा प्रयत्न केला, दोन वाक्यांत घसा भरून आला. हे चालता चालताच सांगता येईल असं वाटलं.

गावाबाहेर निघतो न निघतो तोच रेल्वेचा भोंगा ऐकू आला आणि मी सुरुवात सोडून मधलंच सांगून बसलो. म्हटलं, ही जी हावड्याकडे जाणारी लाईन आहे ना, कामठीवरून गोंदिया, राजनांदगाव, ह्याच लाईनवर १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना डब्यात एक अनोळखी युरोपियन भेटला, बोलता बोलता त्यानं बायबल दिलं आणि म्हणाला दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कोकणातला कीर्तनं करणारा चित्पावन ब्राह्मण, घरदार, बायको सगळं काही काळ तुटलं. लेक लगेच म्हणाली, "म्हणजे इंग्रजांकडूनच ना?" म्हटलं पुस्तक देणारा गोरा होता, खरं आहे, पण टिळक स्वतः सांगायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, आणि नंतर अभंगच लिहित राहिले, ते आपण चर्चमध्ये म्हणतो. ती गप्प झाली. मग म्हणाली, "पण सुरुवात कुठून?"

सुरुवात पायांपासून, हे मला मनापासून वाटते. येशू गालीलचा यहुदी माणूस, सुताराच्या घरचा, रोमन साम्राज्याच्या एका कोपऱ्यातला, त्याचं सगळं काम तीनएक वर्षांचं आणि तेही गावोगाव पायी फिरून. इसवी सन ३० च्या आसपास पंतय पिलातानं त्याला क्रुसावर दिलं. मागे उरले ते कोळी, एक जकातदार, आणि त्या बाया ज्या शेवटपर्यंत क्रुसाजवळ थांबल्या. ना पैसा, ना फौज. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, ह्या लोकांच्या विश्वासाला सुरुवातीला ख्रिस्ती धर्म हे नावच नव्हतं. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकात त्याला 'तो मार्ग' म्हटलं आहे. ख्रिस्ती हे नाव नंतर अंत्युखिया ह्या शहरात पडलं. लेकीला हे फार आवडलं, पुढचे दहा मिनिटं ती नुसती "मार्ग, मार्ग" म्हणत चालून राहिली होती.

हा मार्ग गावोगाव नेणाऱ्या पौलाचं सांगताना मला माझ्या आजेसासऱ्यांची आठवण झाली, ते कामठीच्या छावणीत तंबू शिवायचे. पौल पण तंबूच बनवायचा! आधी ह्याच मार्गाच्या लोकांना पकडून नेणारा, मग दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, रस्त्यावर बदलला आणि उरलेलं आयुष्य रस्त्यावरच गेलं, रोमनांनी फौजेसाठी बांधलेले पक्के रस्ते ह्यानं वेगळ्याच कामाला वापरले, सगळीकडे चालणारी ग्रीक भाषा होती, प्रत्येक मोठ्या शहरात यहुदी वस्ती होती, आणि पोट भरायला हातात सुई. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात सगळे बसले आणि ठरवलं की बाहेरच्या माणसाला आत यायला आधी यहुदी व्हायची, सुंता करायची गरज नाही. मला विचाराल तर पुढचं सगळं ह्या एका बैठकीवर उभं आहे. तो दरवाजा त्या दिवशी बंद राहिला असता तर आज आम्ही कामठी रोडवर नसतो.

आमच्यात एक केरळच्या सिस्टर होत्या, नर्स आहेत, वीस वर्षं नागपुरात, मराठी आमच्यासारखीच बोलतात. त्या म्हणाल्या, आमच्याकडे तर मानतात की येशूचा शिष्य संत थॉमस इ. स. ५२ मध्येच केरळच्या मुझिरीस बंदराला उतरला, मिरी घ्यायला जहाजं यायची तिथे. परंपरा आहे, शिलालेख नाही, पण त्या किनाऱ्यावर ख्रिस्ती लोक फार जुने आहेत ह्याबद्दल वाद नाही. त्यांचे आजोबा प्रार्थना सिरियाकमध्ये गायचे, येशू बोलायचा त्या अरामी भाषेचीच ती बहीण. सिस्टरनी चालता चालता दोन ओळी गाऊन दाखवल्या आणि मागच्या तामिळ आंट्या पण थांबून ऐकू लागल्या. ह्याच सिरियाकवाल्यांची मंडळी इराणमार्गे ६३५ मध्ये चीनच्या राजधानीपर्यंत पोचली होती, तिथे ७८१ चा दगडी लेख अजून आहे. सहाव्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं कल्याणला बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे, बरेच अभ्यासक ते आपलं मुंबईजवळचं कल्याण मानतात. इंग्रज तेव्हा कुठे होते? लेकीनं वर्षं मोबाईलमध्ये टाइप करून घेतली, मी काही म्हटलं नाही.

ऑटोमोटिव्ह चौक आला तेव्हा उजाडलं होतं. डबल डेकर पुलाखालून चालताना वर मेट्रोची घरघर, खाली ट्रक, बोललेलं ऐकू येत नव्हतं, तेवढा वेळ आम्ही मुकाट्यानं चाललो. इंदोऱ्यात पोहे घेतले, उपास असलेल्यांनी नुसता चहा. तर्री नको म्हटलं सगळ्यांनी, लेंट आहे.

इंदोऱ्यात बसलं की मला माझे पणजोबा आठवतातच. त्यांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. घरी सांगतात की ते मिशनच्या शाळेत शिपाई होते आणि खिडकीबाहेर उभं राहून अक्षरं शिकले, मग एका पाळकानं हाताला धरून आत बसवलं. एवढंच. नागपुरात हे फार समजावून सांगावं लागत नाही, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत दीक्षा घेतली ती ह्याच शहरात, माणूस धर्म काऊन बदलतो हे इथल्या पोराठोरांना माहीत आहे. रस्ता वेगळा निवडला, पण विहीर तीच होती. लेकीनं पणजोबांचं पहिल्यांदाच ऐकलं. तिनं कप खाली ठेवला आणि बराच वेळ रस्त्याकडे पाहत बसली.

मग सिस्टर आपण होऊन बोलल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या कोविड वॉर्डात होत्या. नागपुरात ते दिवस कसे गेले ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत, माझे सख्खे काका त्याच महिन्यात गेले, आम्हाला जवळ जाता आलं नाही. सिस्टर म्हणाल्या, किट घालून बारा बारा तास, कुणाचा हात धरला तर तो सोडायचा नाही एवढंच ठरवलं होतं. मला बोलता येईना. थोड्या वेळानं मी लेकीला सांगितलं की इ. स. २५० च्या पुढे रोमन साम्राज्यात अशीच साथ आली होती, वर्षानुवर्षं चालली, लोक आपल्याच घरच्या आजाऱ्याला रस्त्यावर टाकून पळत होते, आणि अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस ह्यानं पत्रात लिहिलं आहे की आपल्यातले कितीतरी जण आजाऱ्यांची सेवा करता करता त्यांच्यासोबतच मेले. शंभरएक वर्षांनी, ३६२ च्या सुमारास, सम्राट ज्युलियन, ज्याला हा धर्म बिलकुल नको होता, तोच आपल्या पुजाऱ्यांना लिहितो की हे गालीलवाले स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाची साक्ष आहे ही. धर्म पसरला कसा ह्यावर जाडजूड पुस्तकं आहेत, मी काही वाचली, पण सिस्टरच्या तोंडून तो वॉर्ड ऐकला तेव्हा मला ते आतून कळलं.

कडबी चौकापासून ऊन लागायला लागलं. इथून पुढचा इतिहास सांगायला जड जातो पण लपवायचा नव्हता. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियननं चर्च पाडली, ग्रंथ जाळले, आणि फक्त दहा वर्षांत, ३१३ ला, सम्राट कॉन्स्टंटाइननं मोकळीक दिली. ३२५ ला निकियात बिशप जमले, आपण रविवारी म्हणतो तो मतांगीकार, आपण काय मानतो ते सांगणारा, तिथूनच आकाराला आला. ३८० ला तोच साम्राज्याचा अधिकृत धर्म. मग सत्ता आली आणि सत्तेसोबत जे येते ते सगळं आलं. १०९९ ला युरोपातल्या ख्रिस्ती फौजांनी क्रुसाचं चिन्ह अंगावर घेऊन यरुशलेमात कत्तल केली. गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन, चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. लेक म्हणाली, "हे पण आपलंच?" मी म्हटलं, हाओ, हे पण आपलंच आहे, टिळक आपले म्हणायचे तर हे परकं म्हणता येत नाही. पण मला विचारशील तर पहिली तीनशे वर्षं, हातात काहीच नसतानाची, ती खरी.

आणि त्याच गोव्याच्या बाजूला त्याच काळात फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट, त्या नावाच्या कॅथलिक संघाचा पाद्री, आपली मराठी शिकून दहा हजारांवर ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहून बसला. १६१६ ला छापलं, देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. मराठी ही भाषांमध्ये कशी शोभते ते त्यानं हिऱ्यामाणकांची उपमा देऊन लिहिलं आहे. परकी भाषा लादायला आलेला माणूस असं लिहीत नाही. मला ह्या माणसाबद्दल फार प्रेम वाटते.

सदरला आलो. ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या फाटकापाशी सावलीत बसलो, हे माझ्या बाजूचं चर्च आणि जवळच एसएफएसचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्सचं, ते सासूबाईंच्या बाजूचं, फ्रान्समधल्या ॲनेसीच्या फादरांचं काम. इथे मैत्रिणीच्या वाक्याचं उत्तर सरळच दिलं. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते, धंद्यात गडबड होते म्हणून. मिशनरी विल्यम केरीला बंगालमधल्या, डॅनिश लोकांच्या श्रीरामपुरात राहावं लागलं, तिथूनच वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठी नवा करार तयार झाला. कायद्यानं परवानगी मिळाली ती १८१३ च्या सनदेनं, आणि तीही कंपनीच्या मनाविरुद्ध. स्कॉटलंडचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आला १८४५ ला, तेव्हा गादीवर भोसलेच होते, राज्य खालसा झालं १८५४ मध्ये. हिस्लॉपनं शाळा काढली, गोंडांची लिंगोची गाथा लिहून घेतली, दगड आणि जीवाश्म गोळा केले, आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुरात बुडून गेला. कॉलेज आहे ते त्याच्याच नावाचं. हो, इंग्रजांची रेसिडेन्सी होती, छावणी होती, गोऱ्या राज्याची सावली ह्या सगळ्यावर होती, तेही सांगितलं.

आणि शेवटी तिला आवारातलं ते मैदान दाखवलं. १०५४ ला पूर्वेचं आणि पश्चिमेचं चर्च वेगळं झालं, १५१७ ला ल्यूथरनंतर पश्चिमेचे पण तुकडे, मग तुकड्यांचे तुकडे, आणि युरोपातली ती भांडणं जशीच्या तशी आपल्याकडे आली, एकाच मोहल्ल्यात तीन चर्च आणि एकमेकांत लग्न नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला इथे, नागपुरात, ह्याच आवारात सहा वेगवेगळ्या मंडळ्या स्वतःची जुनी नावं सोडून एक झाल्या, ती चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. माझे आजोबा त्या दिवशी गर्दीत होते, आयुष्यभर सांगायचे. कॅथलिक त्यात नव्हते, तो दुरावा अजून आहे, आमच्या लग्नात पण जाणवला होता.

छावणीच्या पुढे चढ लागला आणि लेकीच्या टाचेला फोड आला. बायको स्कूटीवर पाणी घेऊन मागेपुढे होती, म्हणाली बस मागे, ही नाही म्हणाली. जपानी गार्डनच्या बाजूची झाडं आली तसं बरं वाटलं. मी तिची सॅक घेतली, सिस्टरनी पट्टी लावली, शेवटचा तुकडा आम्ही अगदी हळू चाललो.

ग्रोटोपाशी सासूबाई ऑटोनं आधीच येऊन बसल्या होत्या, मेणबत्त्या घेऊन. लेकीनं जपमाळ त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी विचारलं, "किती झाली?" ती म्हणाली, "दहा दहा मण्यांची दोनच दशकं झाली आजी, बाबा सांगत होते ना." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिला जवळ बसवून घेतलं, म्हणाल्या, "बरं, राहिलेली इथं म्हणू." दोघींनी तिसऱ्या दशकापासून सुरुवात केली, प्रणाम मरिया, कृपापूर्ण. मला ती पाठ नाही. मी चपला काढून त्यांच्या मागे बसलो.